आजारी पिल्लू घरी सांभाळताना: रात्री-अपरात्री विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही. पुण्यात एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहते. पार्किंगमध्ये, जिन्याखाली, कुणाच्या तरी गाडीच्या बॉनेटमध्ये सापडलेली मांजराची पिल्लं गेली काही वर्षं आमच्याकडे येत राहिली आहेत. काही जगली, काही गेली. हळूहळू लोकांचे फोन यायला लागले, बहुतेक वेळा रात्री अकरानंतर. त्या फोनवर जे विचारलं जातं तेच इथे लिहून ठेवलंय. औषधाचे डोस इथे शोधू नका. ते तुमच्या पिल्लाचं वजन बघून डॉक्टरच सांगतील.

पिल्लू निपचित पडलंय. आधी दूध पाजू का?

नाही. आधी पंजे, कान आणि तोंडाच्या आतला भाग हाताला कसा लागतो ते बघा. गार लागला तर दुधाचा थेंबही नको.

ही चूक मी स्वतः केली आहे. पावसाळ्यात दोन भावंडं आली होती, मुठीत मावतील एवढी. मुलीने नावं ठेवली सुपारी आणि लवंग. सुपारी गार होती, मान टाकलेली. मला वाटलं, भुकेने असं झालंय. कोमट दूध ड्रॉपरने घातलं. दोन मिनिटांत ते नाकातून परत आलं, छातीत घुरघुर सुरू झाली आणि पहाटे ती गेली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी समजावलं ते कायमचं लक्षात राहिलं. अंग ९५ फॅरनहाइटच्या खाली गेलं की आतड्यांची हालचाल जवळपास थांबते आणि गिळण्याची ताकदही जाते. घातलेलं दूध एकतर पोटात तसंच पडून राहतं, नाहीतर फुप्फुसात जातं.

तेव्हा क्रम पाठ करा: ऊब, मग साखर, मग पाणी, मग अन्न. घरी वाचू शकली असती अशी बरीच पिल्लं हा क्रम उलटा झाल्यामुळे जातात.

ऊब कशी द्यायची? हीटर नाहीये.

लागतही नाही. पुठ्ठ्याचं खोकं घ्या, तळाला जुनी गोधडी घाला. गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवा. पिशवी नसेल तर जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरून ती मोज्यात घाला. एकच बाजू गरम हवी. पिल्लाला जास्त झालं तर सरकायला दुसरी बाजू मोकळी पाहिजे. जे सरकूही शकत नाही त्याच्याजवळ तुम्ही बसा आणि दर दहा मिनिटांनी हात लावून बघा. पिल्लाची कातडी फार पातळ असते आणि भाजलेलं लगेच दिसत नाही.

घाई नको. गारठलेलं पिल्लू तास-दोन तासांत हळूहळू तापवायचं असतं. गरम पाण्यात बुडवणं, हेअर ड्रायर जवळ धरणं, हे प्रकार करू नका. सगळ्यात सोपं म्हणजे शर्टाच्या आत, छातीशी धरणं. माझ्या सासूबाई मांजराला हात लावत नसत, पण लवंगला त्यांनी पदराखाली दीड तास धरलं होतं. तोंडाने अखंड बडबड चालूच होती, तो भाग वेगळा.

साखर म्हणजे काय द्यायचं?

दोन चमचे कोमट पाण्यात अर्धा चमचा साखर किंवा ग्लुकोज पावडर. त्यात बोट बुडवून हिरड्यांवर चोळा. पाजायचं नाही, चोळायचं. लहान पिल्लाच्या यकृतात साठा नसल्यासारखाच असतो. काही तास उपाशी राहिलं तरी रक्तातली साखर उतरते आणि ते थरथरतं, झटके देतं किंवा बेशुद्ध पडतं. हिरडीवरून थोडीफार साखर आत जाते, तेवढ्यावर दवाखान्यापर्यंतचा वेळ निघतो.

ताप कसा बघायचा, आणि किती असायला हवा?

साधा डिजिटल थर्मामीटर, टोकाला व्हॅसलीन, शेपटीखाली जेमतेम एक सेंटिमीटर आत. बगलेत लावून भरवशाचा आकडा येत नाही. महिन्याच्या पुढच्या पिल्लाला १०० ते १०२.५ हे ठीक. जन्मल्यापासूनच्या पहिल्या आठवड्यात ९५ ते १०० एवढंच असतं, ते आजारपण नव्हे. १०३ च्या वर गेला तर डॉक्टरांना कळवा. मला स्वतःला तापापेक्षा उतरलेल्या आकड्याची जास्त भीती वाटते. आजारी पिल्लू १०४ वरून अचानक ९८ वर आलं तर बरं झालं म्हणून पेढे वाटू नका. ते बहुधा हरत चाललेलं असतं.

डॉक्टरकडे न्यायलाच हवं का? सकाळी नेलं तर?

तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल, हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर असतील, झटके येत असतील, जुलाबात रक्त असेल, ऊब देऊनही तासाभरात मान उचलत नसेल, तर सकाळची वाट बघू नका. बोका असेल आणि वारंवार जोर करूनही लघवी होत नसेल तर तेही रात्रीच न्या. झोपलेल्या पिल्लाचे श्वास घड्याळ लावून मोजा. मिनिटाला सतत ४० च्या वर जात असतील तर फोन करा.

मुंबईकरांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल माहीत असतं. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे त्याचं खरं नाव, आणि एकोणिसाव्या शतकापासून ते तिथे उभं आहे. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. तिथले डॉक्टर दिवसभर गाई-म्हशी बघतात, म्हणून लोक मांजर न्यायला लाजतात. लाजू नका. फक्त आधी फोन करून पिल्लाचं वजन ग्रॅममध्ये सांगा, म्हणजे त्यांना औषधाचा हिशोब करता येतो. नेताना ऊब सोबत न्या. स्कूटरवर, पावसात, उघड्या पिशवीत नेलेलं पिल्लू वाटेतच गारठतं.

उलट्या आणि जुलाब सुरू आहेत. पार्व्हो असेल का?

असू शकतो. लस न झालेल्या पिल्लात आधी तीच शंका घ्यायची. मांजरांच्या या आजाराला डॉक्टर पॅनल्युकोपेनिया म्हणतात, बोलताना पॅनल्युको किंवा नुसतं पार्व्हो. विषाणू अंगात शिरल्यावर २ ते १० दिवसांत लक्षणं दिसतात. तो आतड्याचं अस्तर सोलतो आणि अस्थिमज्जेवर हल्ला करतो, त्यामुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळतात. पॅनल्युकोपेनिया या नावाचा अर्थच ‘सगळ्या पांढऱ्या पेशी कमी होणं’. एक चित्र मात्र विसरता येत नाही: पिल्लू पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसतं, तहान असते, पण पीत नाही.

कुत्र्यांच्या पार्व्होचं तपासणी किट मांजराच्या शीवरही चालतं, पंधरा मिनिटांत कळतं. किट निगेटिव्ह आलं तरी डॉक्टर सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करायला सांगतील. लवंगच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी ११०० होत्या आणि डॉक्टरांनी कागद उलटा ठेवून आधी आम्हाला बसायला सांगितलं. विषाणूवर थेट औषध नाही. उलटी थांबवायचं इंजेक्शन, दुसरा संसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिक, सलाईन, ऊब आणि उलटी थांबली की लगेच थोडं थोडं अन्न, हाच उपचार. उपचाराशिवाय बहुतेक पिल्लं दगावतात. पहिले पाच दिवस काढले तर आशा बरीच वाढते.

ॲडमिट करता येत असेल तर करा. घरची सेवा ही दवाखान्याला पर्याय नाही. पण खर्च परवडत नाही, जागा नाही, रात्रीचा स्टाफ नाही, हे सगळं खरं असतं, आणि म्हणून तर तुम्ही हे वाचताय.

सलाईन घरी देता येतं का?

कातडीखालचं देता येतं, पण डॉक्टरांनी समोर करून दाखवल्यावर, तुमच्या हातून एकदा करून घेतल्यावर. किती मिली आणि किती वेळा हे त्यांनी लिहून द्यायचं. बाटली कुठली तेही त्यांनीच ठरवायचं. मेडिकलवाल्याने आरएल (रिंगर लॅक्टेट) संपलंय म्हणून डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाईन, दिलं तर घेऊ नका.

करायचं कसं, तर बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवायची आणि थेंब मनगटावर घेऊन बघायचा, बाळाच्या दुधासारखा. दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत धरून वर उचलली की लहानसा तंबू होतो. सुई त्या तंबूच्या पायथ्याशी, अंगाला समांतर. सिरिंजचा दट्ट्या आधी किंचित मागे ओढायचा. रक्त आलं तर सुई काढून दुसरी जागा. मग सावकाश सोडायचं. बोटांना ओलं लागलं तर सुई पलीकडून बाहेर आली आहे. पहिल्या दिवशी माझी तीनदा आली.

नंतर खांद्यावर लिंबाएवढा फुगवटा दिसतो आणि तो घसरत पुढच्या पायाकडे जातो. त्याला घाबरू नका, काही तासांत जिरतो. पण पुढच्या डोसच्या वेळेपर्यंत तो तसाच असेल तर दुसरा डोस देऊ नका, फोन करा. पिल्लू गारठलेलं असतानाही कातडीखालचं पाणी जिरत नाही. पुन्हा ऊबच आधी. प्रत्येक वेळी नवी सुई, आणि वापरलेल्या सुया झाकणाच्या जाड बाटलीत जमवून दवाखान्यात परत द्यायच्या. कचरा गोळा करणाऱ्या ताईंच्या हाताचा विचार करा.

खात नाहीये. भरवायचं कसं?

अंग उबदार आहे, उलटी थांबली आहे, गिळतंय, हे तीन असतील तरच भरवा. पोटावर बसवा, जसं ते आईजवळ पीत असतं. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं की दूध श्वासनलिकेत जातं. सुई काढलेली एक मिलीची सिरिंज ओठाच्या कोपऱ्यातून घालायची आणि थेंब थेंब सोडायचं, प्रत्येक घोट गिळलाय हे बघून. बारक्या पिल्लाचं पोट १०० ग्रॅम वजनामागे साधारण ४ मिलीचंच असतं. आजारपणात सुरुवात त्याच्याही चौथ्या भागाने करा आणि दर दोन तासांनी द्या. आपल्याकडे पोट भरून वाढायची सवय आहे, ती इथे आवरायला लागते.

तीन-चार आठवड्यांपेक्षा लहान पिल्लाला शी-शू आपली आपण होत नाही. आई चाटून करवते. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस शेपटीखाली हलके फिरवा, प्रत्येक वेळी पाजल्यावर. अनेकांना हे माहीतच नसतं आणि पोट फुगलं म्हणून फोन येतो.

मोठ्या पिल्लाला मांजरांचं ओलं खाणं किंचित कोमट करून द्या, वास सुटतो. शिजवलेल्या चिकनचं पाणी चालेल, पण त्यात मीठ, कांदा, लसूण काही नको. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

गाईचं दूध चालेल?

नाही. जुलाब वाढतात. पिल्लांची दूध पावडर पेट शॉपमध्ये आणि ऑनलाइन मिळते, एक डबा घरात असू द्या.

ताप आहे, क्रोसिनचा छोटा तुकडा दिला तर?

मरेल. पॅरासिटामॉल पचवायची यंत्रणा मांजराच्या यकृतात नसते. एका गोळीत मोठं मांजरही दगावतं. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं. चुकून दिली असेल तर हे वाचत बसू नका, निघा. आयबुप्रोफेनही नाही. घरातल्या कुत्र्याचं गोचिडांचं औषधही नाही, त्यात बऱ्याचदा परमेथ्रिन असतं आणि मांजराला ते विष आहे.

घरगुती काही नाही का?

ऊब, साखरपाणी, स्वच्छता, जाग्रण. हे सगळं घरगुतीच आहे. सर्दीवर छातीला बाम चोळणं, निलगिरीचा वाफारा, लवंगेचं तेल, कापूर हे मांजरासाठी घातक. आजारी पिल्लाच्या खोलीत आरतीचा कापूरही नको, देव समजून घेईल.

डोळे चिकटलेत, नाक वाहतंय.

हा बहुधा मांजरांचा फ्लू. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून डोळ्यावर मिनिटभर धरा, खपली मऊ होऊ द्या, मग आतल्या कोपऱ्यातून बाहेर पुसा. प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस. ओरबाडून उघडू नका. दिवसातून दोनदा गरम पाण्याची वाफ कोंडलेल्या बाथरूममध्ये दहा मिनिटं घेऊन बसा, नाक मोकळं होतं. नाक बंद असलं की मांजराला वास येत नाही आणि वास नाही तर ते खात नाही. निम्मं आजारपण तिथेच असतं. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकची गोळी दिली तर तिच्यामागून दोन-तीन मिली पाणी जरूर पाजा. ती अन्ननलिकेत अडकून राहिली तर आत जखम करते.

हिरड्या पांढऱ्या दिसतात.

बहुधा रक्त कमी आहे. पिसवा बघा: मानेवर, शेपटीच्या मुळाशी काळे कण. ते ओल्या पांढऱ्या कापसावर चिरडले आणि लाल पसरले तर ती पिसवांची घाण, म्हणजे पिल्लाचंच पचलेलं रक्त. एवढ्याशा जिवाला पिसवा खरोखर मारून टाकतात. आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला औषध विचारल्याशिवाय लावू नका. बारीक फणी आणि साबणाच्या पाण्याचा वाडगा घ्या, फणीत आलेली पिसू त्यात बुडवा. फार असतील तर भांड्याच्या सौम्य साबणाने कोमट पाण्यात झटपट आंघोळ, आणि लगेच कोरडं करून उबेत.

वजन खरंच रोज करायचं?

दिवसातून दोनदा, त्याच वेळेला. निरोगी पिल्लू दिवसाला साधारण १० ते १५ ग्रॅम वाढतं. आजाऱ्याचं वजन टिकलं तरी मी खूश असते. डोळ्यांना जे उद्या दिसेल ते काट्यावर आज दिसतं. सोबत एक वही ठेवा. माझ्या वहीतली लवंगची एक ओळ: ‘प. ३.१० – ३०६ ग्रॅ., १००.४, सलाईन दिलं, शी नाही, एकदा जीभ बाहेर काढून ओठ चाटले.’ डॉक्टरांना ‘बरं वाटत नाही त्याला’ यापेक्षा अशी ओळ पन्नासपट उपयोगी पडते.

फिनाइलने पुसलं तर विषाणू मरेल ना?

पार्व्हो मरत नाही, आणि फिनाइल पंज्यांवरून चाटण्यात गेलं तर मांजरालाच बाधतं. डेटॉलचंही तेच. हाताच्या सॅनिटायझरनेही हा विषाणू जात नाही. आधी घाण पुसून काढा, मग एक लिटर पाण्यात ३० मिली साधं ब्लीच घालून तो भाग दहा मिनिटं ओला ठेवा, नंतर पाण्याने पुसून सुकवा. टॉयलेटच्या ॲसिडमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. खिडकी उघडी ठेवा आणि पिल्लाला दुसऱ्या खोलीत.

घरात लहान मूल आहे. काही होईल का?

मांजरांचा पार्व्हो माणसाला होत नाही. गजकर्ण होतं, पोटातले काही जंत होतात. त्यामुळे हात धुणं आणि तोंडाला तोंड न लावणं एवढं पाळा. घरात कुणी गरोदर असेल तर लिटर ट्रे दुसऱ्याने साफ करावा. रस्त्यावरचं पिल्लू चावलं किंवा रक्त येईपर्यंत बोचकारलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी जा. ‘एवढंसं तर पिल्लू आहे’ म्हणून घरी बसू नका.

ऑफिस कसं सांभाळू?

पहिले तीन दिवस सांभाळता येत नाही, हे खरं उत्तर. रजा घ्या किंवा वाटून घ्या. आम्ही पाळ्या लावल्या होत्या: रात्री नवरा, पहाटे मी, दुपारी सासूबाई आणि वरच्या मजल्यावरची कॉलेजातली मुलगी. जागणाऱ्याने खोकं दारात नाही, उशाशी ठेवायचं.

वाचेल का? आणि कधी थांबायचं?

पहिल्याचं उत्तर कुणी दिलं तर विश्वास ठेवू नका. दुसऱ्याचं उत्तर वही देते. वजन रोज उतरतंय, ऊब देऊनही अंग गार पडतंय, श्वास ओढून घ्यावा लागतोय, तुमच्या स्पर्शाकडे मान वळत नाही, असं दोन दिवस चाललं असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘याला त्रास होतोय का, आणि त्यातून सोडवायचं का?’ हे विचारल्याने तुम्ही निष्ठुर ठरत नाही. दयामरणाचं इंजेक्शन डॉक्टरांनीच द्यायचं असतं, आधी गुंगी आणून. शेवटचे तास घरीच असतील तर भरवायचा आग्रह सोडा. ऊब, अंधार, हात. एवढंच.

सुधारतंय हे कसं ओळखायचं?

खाण्याच्या आधी एक गोष्ट येते: ते स्वतःला चाटायला लागतं. सहाव्या दिवशी सकाळी लवंग पातळ शीने माखलेली, काडीसारखी, खोक्याच्या कडेला टेकून बसली होती आणि पुढचा उजवा पंजा गंभीरपणे चाटत होती. सासूबाई म्हणाल्या, ‘बाईसाहेबांची आंघोळ सुरू झाली.’ त्या दुपारी तिने दीड चमचा खाल्लं.

बरं झालं. आता दुसरं पिल्लू आणू का?

थांबा. बरं झालेलं पिल्लू सहा आठवड्यांपर्यंत शीतून विषाणू टाकत राहू शकतं, आणि घरात तो वर्षभर तग धरतो. या काळात आणायचंच असेल तर लसी पूर्ण झालेलं मोठं मांजर आणा, लस न झालेलं पिल्लू नको. लस पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झाल्यावर सुरू होते, दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, निदान सोळा आठवड्यांपर्यंत. एक टोचून थांबलेली पिल्लंच आमच्याकडे सर्वांत जास्त येतात. खोकं आणि गोधडी आम्ही टाकून दिली. वजनकाटा ब्लीचने पुसून ठेवला आहे, पण त्यावर स्वयंपाकाचं काही मोजायला सासूबाई अजून देत नाहीत.